लांबच्या राईडला बाईकची दुसरी चावी नक्की कुठे ठेवता?

इंदिरानगरचा_हिमालयन

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. डिसेंबरात मी आणि बायको हिमालयन बाईकवर कोकणात निघतोय. नाशिकहून मुरूड, मग आगरदांड्याच्या फेरीबोटीने दिघी, पुढे दापोली, गणपतीपुळे करत मालवण, येताना कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन आणि पुण्यावरून घर, एकूण नऊ दिवस. गाडीची सर्व्हिसिंग झाली, टायर नवीन टाकले, राहायचं बुकिंग पण झालं, पण अडलोय ते दुसऱ्या चावीवर.

कारण सांगतो. मागच्या महिन्यात एकटाच हरिहर किल्ल्यावर गेलो होतो. चावी ट्रॅकपँटच्या खिशात, खिशाला चेन नाही. त्या पायऱ्या ज्यांनी चढल्यात त्यांना माहितीये, बाजूला कोरलेल्या खोबणीत बोटं रुतवून अक्षरशः शिडीसारखं चढायचं, गुडघा छातीला येतो, त्यातच कुठेतरी सटकली असणार. खाली निरगुडपाड्याला गाडीजवळ येऊन खिशात हात घातला तर रुमाल आणि सुट्टे पैसे, चावी नाही. साडेपाच वाजलेले, हँडल लॉक, मोबाईलला एक कांडी रेंज येतीये आणि जातीये. गावातल्या एका मावशींनी खाट टाकून दिली, चहा दिला, त्यांचा मुलगा मला वर टेकाडावर घेऊन गेला तेव्हा कुठे घरी फोन लागला. मग आईने अख्खं कपाट उपसलं, मी फोनवर सांगतोय निळा डबा बघ, ती म्हणतेय निळा नाहीये, शेवटी जुन्या चार्जरच्या गुंत्याखाली शोरूमच्या प्लास्टिकच्या पाकिटात तशीच सापडली, पाच वर्षं कधी बाहेरच काढलेली नव्हती. मित्र ती घेऊन पोचला तेव्हा पावणेनऊ. त्या घराचे उपकार मी विसरणार नाही, पण आईचा जो जीव टांगणीला लागला तो माझ्यामुळे, आणि ते अजून डोक्यातून जात नाही.

हे घरापासून दीड तासावर होतं म्हणून निभावलं. मालवणला झालं तर? बायकोकडे द्यावी तर आम्ही दोघं कायम सोबतच, समुद्रात उतरताना दोघांचं सामान एकाच पिशवीत. सामानात ठेवावी तर सामान रूमवर आणि गाडी पन्नास किलोमीटर लांब. गाडीवरच कुठेतरी लपवावी असं मित्र म्हणतो पण मन धजत नाही. तुम्ही लोक काय करता ते सविस्तर सांगा प्लीज.

देवळाली_कॅम्प_बुलेट

बरं झालं विचारलंत. मी १९९६ पासून बुलेट चालवतोय आणि मागच्या पंचवीसेक वर्षांत माझ्या ग्रुपमध्ये चावीचे जेवढे घोळ बघितलेत तेवढे पंक्चरचे पण नसतील, पण पंक्चरचं किट सगळे घेतात आणि चावी घरी ठेवून येतात.

आधी एक गोष्ट. चावी गेली म्हणजे नुसती गाडी चालू होत नाही एवढंच नाही हो. पेट्रोलचं झाकण उघडत नाही, सीट उघडत नाही, सीटखाली टूलकिट असतं ते निघत नाही, कागदपत्रं सीटखाली ठेवली असतील तर ती पण अडकली. आणि हँडल लॉक असलं की ढकलून सरळ नेता पण येत नाही, उचलून टेम्पोत घालावी लागते. हिमालयनसारखी जड गाडी उचलायला चार माणसं लागतात. मेकॅनिक लोक म्हणतात वायर डायरेक्ट करून देतो, पण हँडल वळलेलं असताना डायरेक्ट करून काय उपयोग.

म्हणून पहिला नियम, दुसरी चावी सीटखाली किंवा टूलकिटमध्ये कधीच नाही. हसू नका कुणी, मी स्वतः तीन जण असे पाहिलेत ज्यांनी अगदी काळजीपूर्वक कापडात गुंडाळून सीटखाली ठेवली होती, आणि सीट उघडायला तीच चावी लागते हे गाडी बंद पडलेली असताना लक्षात आलं.

माझा स्वतःचा प्रसंग कोल्हापूरचा आहे आणि तुम्ही पण कोल्हापूरला जाणार म्हणून सांगतो. देवळात गर्दी, चपला काढल्या, प्रसादाची पिशवी, बायकोची पर्स, नारळ, असं सगळं हातात, त्यात चावी कुठे गेली पत्ता नाही. दोन तास शोधली. दुसरी चावी देवळालीत. रात्री साडेआठला धाकट्या भावाने ती चावी एका पाकिटात घातली, वर माझं नाव आणि मोबाईल नंबर मोठ्या अक्षरात लिहिला, आणि नाशिकच्या द्वारका चौकात जाऊन कोल्हापूरच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हातात दिली. सकाळी मी स्टँडजवळ उभाच होतो. ड्रायव्हरने डॅशबोर्डवरून पाकीट काढून दिलं तेव्हा त्या माणसाचा हात मी दोन्ही हातांनी धरला होता. तर भाऊ, घरी पण एक चावी असू द्या, आणि ती कुठल्या खणात आहे हे घरातल्या दोन माणसांना दाखवून निघा. आईला परत कपाट उपसायला लावू नका.

म्हणजे हिशोब तीन चाव्यांचा. एक वापरातली, एक अंगावर, एक घरी. अंगावरची म्हणजे अंगावरचीच, बॅगेत नाही. मी गळ्यात जाड गोफात घालतो, शर्टाच्या आत. पोहायला उतरताना पण काढत नाही. साधी चावी आहे, पाण्याने तिला काही होत नाही, रात्री गोड्या पाण्याने धुवून पुसायची, खारं पाणी तसंच राहिलं तर पितळेला हिरवट येतं आणि मग लॉकमध्ये किरकिर करते. गाडीवर लपवायच्या मी विरोधात आहे. जो गाडी चोरायला येतो त्याला लपवायच्या जागा आपल्यापेक्षा जास्त माहिती असतात.

चावीवाल्याचा_मुलगा

वडील मेन रोडला चाव्या करायचे, आता मी करतो, म्हणून थोडं लिहितो. देवळालीवाल्या काकांचं बरोबर आहे पण तीन चाव्या म्हणजे तिसरी कुठून आणायची ते कुणी सांगत नाही. नव्या गाडीसोबत दोन येतात. तिसरी डुप्लिकेट करावी लागते आणि इथेच लोक चुकतात.

लोक माझ्याकडे रोजच्या वापरातली चावी घेऊन येतात. पाच सात वर्षं वापरलेली चावी हातात घेतली ना की दातांच्या कडा गोल झालेल्या बोटाला कळतात, नखाने बघा, घसरतं. मशीनला ती चावी धरली की मशीन जे समोर आहे तेच कापतं, म्हणजे झीज पण कॉपी होते. वर थोडासा फरक कापण्यात येतोच. मग ती डुप्लिकेट दुकानासमोर लागते आणि थंडीत किंवा लॉकमध्ये धूळ असली की लागत नाही. तुमच्या घरी पाकिटात पाच वर्षं पडलेली जी चावी आहे ना, ती सोनं आहे. डुप्लिकेट तिच्यावरून करा. आणि ती कोरी चावी रोज वापरायला घेऊ नका, तीच घरी ठेवा, पुढच्या प्रत्येक डुप्लिकेटसाठी मूळ तीच.

दुसरं, नव्या गाडीच्या चाव्यांसोबत बऱ्याचदा एक छोटी पत्र्याची पट्टी येते, तिच्यावर नंबर ठोकलेला असतो, काही गाड्यांना तो चावीवरच असतो. तो चावीचा नंबर. लोक ती पट्टी किचेनलाच लावून फिरतात, चावी हरवली की नंबर पण हरवला. पट्टी काढा, फोटो काढून ठेवा, पण व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, त्या नंबरवरून चावी बनते हे लक्षात असू द्या.

डुप्लिकेट करून घेतली की दुकानातून हलायच्या आधी ती चारी ठिकाणी लावून बघा. स्टार्टरच्या जागी, हँडल लॉकला, पेट्रोलच्या झाकणाला, सीटला. माणसं नुसतं स्टार्ट करून निघून जातात. झाकणाचं लॉक उघड्यावर असतं, त्यात पावसाचं पाणी आणि धूळ बसते, तिथेच नवी चावी अडते. आणि जोर देऊ नका. अर्धी चावी आत तुटलेला माणूस माझ्याकडे आठवड्याला एक तरी येतो, तुटलेला तुकडा काढणं हे चावी बनवण्यापेक्षा अवघड काम आहे. लॉकमध्ये तेल पण ओतू नका, तेलाला धूळ चिकटते आणि चार महिन्यांनी लापशी होते. पेन्सिलीचं शिसं ब्लेडने खरवडून ती पूड चावीच्या दातांना लावायची आणि पाच सात वेळा आत बाहेर करायची, बास.

चावी पूर्ण हरवली तर आमच्यासारखा माणूस जागेवर येऊन बनवू शकतो, दात न कापलेली चावी लॉकमध्ये घालून ताण द्यायचा, लॉकच्या आतल्या पातळ पत्र्यांचे केसाएवढे ठसे तिच्यावर उमटतात, ते उजेडाला तिरपं धरून दिसतात, तिथे कानस मारायची, परत घालायची. वडील हे अंधारात नुसत्या बोटाने करायचे. पण त्याला माणूस यायला पाहिजे ना, आणि ओळखीचा पुरावा आणि गाडीचं आरसी बघितल्याशिवाय कुठलाही सरळ चावीवाला हात लावणार नाही, लावू पण नये. आरसी मोबाईलमध्ये डिजिलॉकरला ठेवा. सीटखाली नको.

सिडकोची_रायडर

मी बाई आहे आणि बहुतेक वेळा एकटी किंवा मैत्रिणींबरोबर फिरते तर माझं थोडं वेगळं आहे. आम्हा बायकांच्या कपड्यांना धड खिसे नसतात आणि गळ्यातला गोफ मला नको वाटतो, हेल्मेटच्या पट्ट्यात अडकतो. मी रायडिंग पँटच्या आत कमरेच्या पट्टीला एक छोटा कप्पा शिवून घेतलाय, दोन बोटं रुंद, वर प्रेस बटण. चावी त्यात आडवी बसते. शेजारच्या काकूंनी शिवून दिला, पंधरा मिनिटं लागली. चालताना, चढताना, फेरीवर उभं असताना ती तिथे आहे हे पोटाला जाणवत राहतं आणि मला ते जाणवणंच हवं असतं.

ब्रह्मगिरीला माझ्यासमोर एका मुलीची पर्स माकडाने ओढून नेली. चिक्की होती म्हणून ओढली, पण पर्समध्ये स्कूटीची चावी होती. तीन साडेतीन फूट लांब बसून त्याने एकेक वस्तू काढून बघितली आणि दरीत टाकली, लिपस्टिक, कंगवा, चावी. ती पोरगी रडायला लागली, आम्ही तिला डबल सीट त्र्यंबकला खाली आणलं. सप्तशृंगीला, अंजनेरीला, जिथे माकडं आहेत तिथे चावी पिशवीत ठेवूच नका.

आणि एक, दोन गाड्या सोबत असतील तर चाव्यांची अदलाबदल करा. आम्ही निघताना पाथर्डी फाट्यावर चहाला थांबतो तेव्हाच करतो, माझी दुसरी तिच्याकडे, तिची माझ्याकडे. एकाच वेळी दोघींचं सगळं हरवणं अवघड असतं. पण हे दादांना उपयोगाचं नाही कारण ते एकाच गाडीवर आहेत.

लपवण्याबद्दल मी काकांशी सहमत नाही, माफ करा काका. एकट्या बाईने रात्री आठला कुठल्यातरी आडवळणाच्या गावात अडकून पडण्यापेक्षा गाडीवर एक डुप्लिकेट असणं मला जास्त सेफ वाटतं. मी सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून आत एका ठिकाणी झिपटायने, म्हणजे प्लास्टिकच्या बंदाने, बांधलीये, कुठे ते सांगणार नाही. सायलेन्सरची धग लागणार नाही, हँडल वळताना कशात अडकणार नाही आणि खड्ड्यात खडखडणार नाही एवढं बघायचं. झिपटाय कापायला नेलकटर पुरतं.

सातपूर_एमआयडीसी

ताईंच्या मुद्द्यात एक जोडतो. गाडीवर बांधायची असेल तर ओरिजिनल कधीच नको. गाडी चोरीला गेली तर इन्शुरन्सवाले क्लेमला ओरिजिनल चाव्या मागतात, दोन्ही. माझ्या मावसभावाच्या गाडीचं झालं, अंबडला कंपनीच्या बाहेरून गेली, एफआयआर झाली, सगळं झालं, पण एक ओरिजिनल चावी त्याने आधीच कधीतरी हरवलेली आणि कुणाला कळवलेलं नाही. सात महिने पत्रव्यवहार. दुसरी चावी का नाही, गाडीलाच लावून ठेवली होती का, असे प्रश्न. घरात लहान बाळ, गाडीचे हप्ते चालू, त्याची जी ओढाताण झाली ती आम्ही बघितलीये. म्हणून चावी हरवली की त्याच दिवशी पोलिसात गहाळ झाल्याची नोंद करायची आणि त्याचा कागद इन्शुरन्सच्या फाईलला लावायचा. इंदिरानगरवाले भाऊ, तुमची हरिहरला पडलेली ओरिजिनल होती ना? नोंद केली का?

आणि ज्यांच्या चावीत चिप आहे त्यांच्यासाठी, कारण हा धागा बरेच जण वाचतील. चिपवाल्या चावीची रस्त्यावरची डुप्लिकेट लॉकमध्ये फिरेल, झाकण उघडेल, पण इंजिन सुरू होणार नाही, कारण लॉकभोवती एक कॉईल असते ती चावीतली चिप वाचते आणि ओळख पटली तरच गाडीचा कॉम्प्युटर परवानगी देतो. त्याला कंपनीकडूनच चावी घेऊन जोडून घ्यावी लागते. तरी झाकण आणि हँडल उघडायला ती साधी डुप्लिकेट कामाला येते. दोन चिपवाल्या चाव्या एकाच रिंगमध्ये नको, एकमेकीत गोंधळ होऊ शकतो. होंडाच्या बऱ्याच स्कूटरला चावीच्या भोकावर मॅग्नेटचं झाकण असतं, ते बंद करून ठेवत असाल तर नुसतं पातं कापून आणलेली डुप्लिकेट आत जाणारच नाही, मागचा मॅग्नेट पण लागतो. बिनचावीच्या स्मार्ट की वाल्या गाड्या आल्यात त्यांनी बटण सेल जास्तीचा ठेवा आणि तो रिमोट घेऊन समुद्रात जाऊ नका.

इंदिरानगरचा_हिमालयन

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. नोंद केलेली नव्हती, डोक्यातच आलं नाही, काल जाऊन करून आलो.

आता सांगतो काय झालं ते. रविवारी चावीवाले दादा म्हणाले तसं पाकिटातली कोरी चावी घेऊन चारी ठिकाणी लावून बघितली. स्टार्टर, हँडल, सीट, मख्खन. पेट्रोलच्या झाकणाला आत गेली पण फिरेना. मी घाबरलोच, म्हटलं नवीन चावी आणि लागत नाही? मग पेन्सिलची पूड केली, बायकोने वर्तमानपत्र धरलं, मी खरवडली, दातांना चोळली, सात आठ वेळा आत बाहेर केल्यावर आतून काळा चिखलासारखा मळ बाहेर आला, आणि दहाव्या वेळी टक् करून फिरली. जुनी झिजलेली चावी इतकी वर्षं त्या मळातून वाट काढून फिरत होती, कोरीला वाटच मिळत नव्हती. हे दाभोळच्या जेटीवर कळलं असतं तर.

मग तिच्यावरून दोन डुप्लिकेट केल्या, दुकानासमोरच सगळीकडे लावून बघितल्या, एक सीटला जरा अडत होती ती त्यांनी तिथेच कानशीने दोनदा मारून दिली. ओरिजिनल घरी, आईच्या देवघराच्या खणात. आईला आणि बाबांना दोघांना दाखवली, आईने तिला लाल दोरा बांधलाय. पट्टी नव्हतीच पण चावीवर नंबर होता तो लिहून ठेवला. एक वापरातली. एक बायकोच्या कमरेच्या कप्प्यात, सिडकोवाल्या ताई, तुमचं वर्णन वाचून तिने स्वतः शिवला. ती म्हणाली माझ्याकडे द्यायची तर बॅगेत नाही, अशीच देणार असशील तर दे. पोहायला दोघं एकदम उतरायचं नाही, एक जण किनाऱ्यावर, असं पण ठरलंय.

गाडीवर बांधायचं अजून ठरत नाहीये. बायको म्हणते बांध, मला काकांचं पटतंय. अजून आठ दिवस आहेत.

देवळाली_कॅम्प_बुलेट

ताईंचं वाचून मी पण विचार करतोय, एकट्या माणसाची गोष्ट वेगळी असते हे मी धरलंच नव्हतं. तुम्ही दोघं आहात, अंगावर दोन ठिकाणी चाव्या आहेत, तर मी तरी बांधणार नाही.

एकच राहिलं. चाकाच्या ब्रेक डिस्कला डिस्क लॉक लावता का? आणि साईड बॉक्स असतील तर त्यांच्या चाव्या? त्यांच्या दुसऱ्या कुठे आहेत?

इंदिरानगरचा_हिमालयन

काका, डिस्क लॉकच्या दोन्ही चाव्या एकाच रिंगमध्ये आहेत, आत्ता बघितलं. साईड बॉक्सची दुसरी सापडत नाहीये. शोधतो.

चावीवाल्याचा_मुलगा

बॉक्सची नाही सापडली तर आहे ती घेऊन या, साधी असते, दहा मिनिटांचं काम. फक्त येताना बॉक्स पण काढून आणा, लावून बघितल्याशिवाय देत नाही मी. सोमवारी बंद असतं.